विमान किती वेळात पोहोचते, हे कोण ठरवते?

दोन शहरांमधले हवाई अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न नेहमी एका दमात विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही एकाच ओळीत शेजारी शेजारी छापली जातात. त्यामुळे दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. अंतर भूगोलाने दिलेले असते. विमान कंपनी, सरकार किंवा न्यायालय यांपैकी कोणालाही ते बदलता येत नाही. वेळ मात्र ठरवला जातो, आणि तो ठरवताना इंधनाचा भाव, शेजारी देशांमधले भांडण, धावपट्टीवरची गर्दी आणि आपले उड्डाण उशिरा पोहोचले असे नोंदले जाऊ नये ही कंपनीची काळजी, हे सगळे हिशेबात येते. जो आकडा माणसे ठरवतात त्याचा जाबही कोणीतरी द्यायला हवा, असे माझे म्हणणे आहे. आज तिकिटावर छापलेला प्रवासाचा वेळ हा कंपनीने स्वतः जाहीर केलेला आणि कोणीही न तपासलेला आकडा असतो. त्याच्या शेजारी त्या मार्गावर प्रत्यक्षात किती वेळ लागला हे छापणे कायद्याने बंधनकारक असले पाहिजे, आणि तो वेळ मोजायचा कुठून कुठपर्यंत हेही कायद्यानेच सांगितले पाहिजे.

अंतराचा भाग आधी उरकून घेऊ, कारण त्यात फारसा वाद नाही. गोलाच्या पृष्ठभागावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या बिंदूंमधून जाणाऱ्या आणि गोलाच्या केंद्राशीच आपले केंद्र असलेल्या वर्तुळाचा तुकडा; त्याला बृहत् वर्तुळाचा मार्ग म्हणतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या, म्हणजे सुमारे ६,३७१ किलोमीटर, एवढे हाताशी असले की थोड्या त्रिकोणमितीने हे अंतर निघते. पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर भरते, पण त्यामुळे येणारी चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. सपाट नकाशावर हा मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो, म्हणून न्यूयॉर्कहून टोकियोला निघालेले विमान अलास्काच्या दिशेने गेलेले पाहून प्रवाशाला वैमानिकाच्या हेतूबद्दल शंका येते; ती शंका नकाशाबद्दल यायला हवी. खरा प्रश्न एवढाच उरतो की शहर म्हणजे नेमका कोणता बिंदू. फ्रँकफर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि नारिता टोकियोच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. नाव शहराचे आणि अक्षांश-रेखांश दुसऱ्याच गावाचे, असा हा प्रकार असतो. तरीही दोन बिंदू एकदा ठरले की अंतराबद्दल भांडण्यासारखे काही राहत नाही.

म्हणूनच कायद्याला अंतर आवडते. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत उड्डाण रद्द झाल्यास द्यायच्या भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या अंतरांवर ठरवले आहेत, आणि हे अंतर बृहत् वर्तुळाच्या पद्धतीने मोजावे असे त्या कलमातच लिहिले आहे. रोमहून ब्रुसेल्समार्गे हँबर्गला उशिरा पोहोचलेल्या प्रवाशांचा, याच टप्प्यांवरच्या भरपाईचा दावा २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे आला तेव्हा प्रश्न असा होता की प्रत्यक्ष उडालेले १,६५६ किलोमीटर धरायचे की रोम ते हँबर्ग हे थेट १,३२६ किलोमीटर. पहिले धरले तर भरपाई ४०० युरो, दुसरे धरले तर २५०. न्यायालयाने थेट अंतर धरले, कारण वळसा पडल्याने उशिराचा त्रास वाढत नाही. प्रवाशांचे १५० युरो गेले, पण निकाल मला पटतो. ज्या आकड्यावर पैसे द्यायचे-घ्यायचे तो कोणत्याही पक्षाच्या मुठीत नसावा.

भारतात याच कामासाठी वेगळा आकडा वापरला जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रद्द उड्डाणाच्या भरपाईचे टप्पे अंतरावर नाहीत, ते 'ब्लॉक टाइम'वर आहेत: एक तासापर्यंत, एक ते दोन तास, आणि दोन तासांहून अधिक. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा काळ म्हणजे ब्लॉक टाइम. वेळापत्रकातला ब्लॉक टाइम कंपनी लिहिते. म्हणजे प्रवाशाचा हक्क कोणत्या टप्प्यात बसतो हे ज्या मापाने ठरायचे, ते माप भरपाई देणाऱ्याच्याच हातात आहे. कोणी त्याचा गैरवापर करते असे मी म्हणत नाही. उलट वेळ फुगवून लिहिणाऱ्या कंपनीला या पद्धतीत जास्तच द्यावे लागेल. पण नियम करणाऱ्यांनी अंतर आणि वेळ या दोन आकड्यांच्या स्वभावातला फरक पुरेसा ओळखलेला नाही, एवढे त्यातून दिसते.

आता वेळेकडे वळू. अंतरावरून वेळ काढण्याची जी ढोबळ रीत सगळीकडे वापरली जाते ती अशी: अंतराला ताशी ८०० किंवा ८५० किलोमीटरने भागायचे आणि वर अर्धा तास मिळवायचा. हा अर्धा तास धावपट्टीपर्यंत सरपटण्याचा, चढण्याचा आणि उतरण्याचा. बहुतेक ठिकाणी १०,००० फुटांखाली विमानाला २५० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने जाता येत नाही, आणि पूर्ण उंची गाठायलाच वीस-पंचवीस मिनिटे जातात. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात विमान ज्या वेगासाठी ओळखले जाते तो वेग त्याला जेमतेम काही मिनिटेच मिळतो. रीत सोपी आहे, आणि टोकाला गेली की हास्यास्पद होते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा आहे, अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटे, आणि विक्रम ५३ सेकंदांचा. वरच्या रीतीने तिथे अर्ध्या तासाहून अधिक लागायला हवा.

वाऱ्याचा भाग निसर्गाचा आहे आणि तो मान्य करावाच लागतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट स्ट्रीममुळे न्यूयॉर्कहून लंडनला जायला लंडनहून न्यूयॉर्कला येण्यापेक्षा साधारण एक तास कमी लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत पार करून गेले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. त्याच मार्गावर, त्याच प्रकारच्या विमानाला एरवी साडेसहा-सात तास लागतात. तेव्हा एकच एक आकडा छापणे हे मुळातच अपुरे आहे, हे कंपनीच्या हेतूंबद्दल काहीही न बोलता म्हणता येते.

पण वारा वजा केला तरी बरेच उरते. पहिली गोष्ट वेगाची. पॅन ॲमने ऑक्टोबर १९५८ मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर आणले, त्या विमानाचा वेग आजच्या मध्यम पल्ल्याच्या जेट विमानांपेक्षा कमी नव्हता, उलट थोडा जास्तच होता. साठ-सत्तर वर्षांत दूरध्वनी, छापखाना, संगणक कुठल्या कुठे गेले. प्रवासी विमानाचा वेग जिथे होता तिथेच आहे. तंत्र नव्हते म्हणून नव्हे. काँकॉर्ड जानेवारी १९७६ मध्ये प्रवासी सेवेत आले, लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत करत राहिले, फेब्रुवारी १९९६ मध्ये त्याने परतीचा पल्ला २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत गाठला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ते बंद झाले. ते कमालीचे इंधन पिणारे, कानठळ्या बसवणारे आणि मोजक्यांनाच परवडणारे होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर वेगापेक्षा इंधनाची बचत महत्त्वाची ठरली आणि ते योग्यच झाले, असे मी मानतो. आजही प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाच्या संगणकात एक आकडा भरला जातो, जो एका मिनिटाचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे प्रमाण सांगतो. त्याला कॉस्ट इंडेक्स म्हणतात. तेल महाग झाले की हा आकडा खाली येतो आणि विमान थोडे सावकाश उडते. यात गैर काही नाही. मात्र विमानाचा वेग हा अशा प्रकारे हिशेबाने निवडलेला वेग आहे, आणि त्या निवडीत प्रवाशाच्या मिनिटाची किंमत शून्य धरली जाते, कारण त्या प्रमाणातला एका मिनिटाचा खर्च कंपनीचा असतो. कर्मचाऱ्यांचा, देखभालीचा, विमान अडकून पडण्याचा.

दुसरी गोष्ट आकाशाच्या मालकीची. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले, आणि तेव्हापासून बृहत् वर्तुळ हे अनेक ठिकाणी कागदावरच राहिले आहे. तैपेई आणि शांघाय यांच्यात सुमारे ७०० किलोमीटरचे अंतर आहे. २००८ पूर्वी सामान्य प्रवाशाला हाँगकाँग किंवा मकाऊ येथे विमान बदलून, जवळजवळ तिप्पट अंतर कापून जावे लागे. जुलै २००८ मध्ये नियमित थेट उड्डाणे सुरू झाली तरी ती विमाने हाँगकाँगच्या हवाई हद्दीला स्पर्श करून मगच वळत. हा वळसा डिसेंबरमध्ये काढला गेला. म्हणजे काही महिने असे होते की प्रवासी थेट विमानात बसलेला होता, विमान दोन्ही बाजूंना मान्य होते, आणि तरीही आकाशात कोणालाही न दिसणाऱ्या एका रेषेपर्यंत जाऊन यावे लागत होते. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने फेब्रुवारी १९५७ मध्ये कोपनहेगन-टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून अँकरेजमार्गे सुरू केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ-दहा तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला आणि विमाने पुन्हा ध्रुवावरून उडू लागली. भारत आणि पाकिस्तान यांनी २०१९ मध्ये काही महिने आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा जे केले, त्याचा भार दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक भारतीय विमानाने उचलला. या निर्णयांमागे सुरक्षेची गंभीर कारणे असू शकतात आणि मिनिटे वाचावीत म्हणून ती बाजूला ठेवा असे कोणी म्हणणार नाही. पण आकाश बंद करण्याची अधिसूचना निघते तेव्हा तिच्यामुळे किती प्रवाशांचे किती तास आणि किती टन इंधन जाणार, याचा हिशेब कोणतेही सरकार मांडत नाही. तिकिटावरचा वेळ फक्त मुकाट्याने वाढतो.

सगळेच वळसे असे राजकीय नसतात. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर ६० मिनिटांपेक्षा दूर जाऊ नये, असा अमेरिकेचा १९५३ चा नियम होता आणि त्यामुळे महासागरांवरचे मार्ग वाकडे होत. इंजिने अधिक विश्वासार्ह झाल्यावर १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत आणि पुढे आणखी वाढवण्यात आली. हा निर्णय कारण सांगून घेतला गेला, आणि पुरावा बदलल्यावर कारण सांगूनच बदलला गेला.

तिसरी गोष्ट मात्र अशी नाही, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तीच आहे. वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेत काही मिनिटे राखीव म्हणून मिसळलेली असतात. प्रत्यक्षात शंभर मिनिटांत होणाऱ्या प्रवासासाठी वेळापत्रकात दोन तास लिहिले, तर विमान वीस मिनिटे उशिरा निघूनही 'वेळेवर' पोहोचते. जगभर रूढ झालेल्या मोजणीत ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत झालेले उड्डाण वेळेवर मानले जाते. म्हणजे वरच्या उदाहरणात पस्तीस मिनिटांची सवलत झाली. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९८७ पासून मोठ्या कंपन्यांना वेळेवर पोहोचण्याची टक्केवारी कळवणे सक्तीचे केले. हेतू चांगला होता. परंतु टक्केवारी ज्या वेळेशी तुलना करून काढायची ती वेळ कंपनीच जाहीर करणार असेल, तर कामगिरी सुधारण्याचे दोन मार्ग तिच्यापुढे खुले होतात: विमान लवकर पोहोचवणे किंवा पोहोचण्याची वेळ पुढे ढकलणे. दुसरा मार्ग स्वस्त आहे. कोणत्याही माणसाला असा पर्याय दिला तर तो काय करील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही, आणि ती नीट मांडली पाहिजे. राखीव मिनिटे ठेवली नाहीत तर पुढचे जोडउड्डाण चुकते, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाते, आणि सकाळी एका ठिकाणी झालेला उशीर त्याच विमानाच्या संध्याकाळच्या प्रवाशांपर्यंत जातो. गजबजलेल्या विमानतळावर उड्डाणापूर्वी रांगेत उभे राहण्याचा वेळ दिवसागणिक आणि तासागणिक बदलतो; तेव्हा सरासरीपेक्षा थोडा मोठा आकडा लिहिणे हा प्रामाणिकपणाच म्हणता येईल. शिवाय वेळ वाढवून लिहिण्यात कंपनीचेही नुकसान असते, कारण दिवसभरात त्या विमानाच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे ही मिनिटे अनिर्बंध वाढत नाहीत. हे सर्व मला मान्य आहे. म्हणूनच राखीव मिनिटांवर बंदी घाला असे मी म्हणत नाही. ती किती आहेत ते दाखवा, एवढेच मागणे आहे. गेल्या वर्षभरात या मार्गावर या वेळेच्या उड्डाणाला निम्म्या वेळा किती वेळ लागला आणि दहापैकी नऊ वेळा किती वेळाच्या आत ते पोहोचले, हे दोन आकडे वेळापत्रकातल्या आकड्याशेजारी आले की प्रवाशाला जे हवे ते कळते. जोडउड्डाण असलेला प्रवासी दुसरा आकडा पाहील, नुसता भेटीला निघालेला पहिला पाहील, आणि ज्या मार्गावर या दोन आकड्यांमधले अंतर वर्षानुवर्षे वाढत जाते तिथे विमानतळाच्या क्षमतेबद्दल कोणीतरी प्रश्न विचारील.

याहून गंभीर हरकत सुरक्षेची आहे. वेळ उघडी पाडली की घाई वाढेल, आणि विमान वाहतुकीत घाईसारखा शत्रू नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्या दिवशी एका विमानाच्या चमूवर कामाच्या तासांची मर्यादा संपत आल्याचे दडपण होते, हे चौकशीत चर्चिले गेले. ही हरकत मी हलक्यात घेत नाही. परंतु ती तपासून पाहिली तर ती माझ्या मागणीला लागू पडत नाही, असे दिसते. दडपण येते ते अमुक एका उड्डाणाने अमुक वेळी पोहोचलेच पाहिजे या बंधनातून. शेकडो उड्डाणांच्या झालेल्या वेळांचा गोषवारा छापल्याने कोणत्याही एका वैमानिकावर कसलेही बंधन येत नाही. उलट 'वेळेवर' या शिक्क्याची सद्दी संपली, तर वैमानिकाच्या डोक्यावरचे एक ओझे कमीच होईल.

वेळ कुठपर्यंत मोजायचा, या प्रश्नाला एक सुंदर उत्तर आधीच मिळालेले आहे. साल्झबुर्गहून कोलोन-बॉनला जाणारे एक विमान उशिरा निघाले. त्याची चाके धावपट्टीला टेकली तेव्हा २ तास ५८ मिनिटे उशीर झाला होता. ते जागेवर थांबले तेव्हा ३ तास ३ मिनिटे, आणि त्यानंतर थोड्या वेळाने दरवाजा उघडला. भरपाईची रेषा तीन तासांवर होती. कंपनी म्हणाली, चाके टेकली म्हणजे पोहोचलो. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितले की विमानाचा किमान एक दरवाजा उघडतो आणि प्रवाशांना उतरण्याची मुभा असते तो क्षण म्हणजे पोहोचण्याची वेळ. कारण असे दिले की तोवर प्रवासी बंदिस्त जागेत, कंपनीच्या आज्ञेत असतो, बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क मर्यादित असतो, आणि आपली कामे त्याला नेहमीसारखी करता येत नाहीत. चाके, इंजिन, ब्रेक यांवरून मोजण्याऐवजी माणसाच्या मोकळेपणावरून मोजण्याचे हे तत्त्व मला या साऱ्या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते.

न्यायालयाने ते प्रवासाच्या शेवटाला लावले. सुरुवातीलाही लावायला हवे. प्रवाशाचा मोकळेपणा विमान हलल्यावर संपत नाही, तो त्याच्या कितीतरी आधी, सामान स्वीकारण्याची खिडकी बंद होते त्या मिनिटाला संपतो. ही वेळ कंपनी आणि विमानतळ ठरवतात, ती तिकिटाच्या अटींत असते, आणि ती चुकली तर तिकीट वाया जाते. घरापासून घरापर्यंतचा वेळ मोजावा अशी सूचना अनेकदा केली जाते, तेव्हा प्रत्येकाचे घर वेगळ्या अंतरावर असते असे त्यावर उत्तर मिळते, आणि ते बरोबरही आहे. परंतु सामानाची खिडकी बंद होण्यापासून विमानाचा दरवाजा उघडेपर्यंतचा काळ सर्वांना सारखा असतो आणि नेमका मोजता येतो. त्याला आपण बांधील वेळ म्हणू. तासाभराच्या उड्डाणात हा बांधील वेळ हवेतल्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट भरतो. बारा तासांच्या उड्डाणात तो फरक नगण्य होतो.

हा फरक सार्वजनिक धोरणात किती महत्त्वाचा आहे याचे उत्तम उदाहरण माद्रिद-बार्सेलोना मार्गाचे आहे. या दोन शहरांमध्ये १९७४ पासून आरक्षणाशिवाय बसता येईल अशी विमानांची ये-जा होती आणि हवेतला प्रवास तासाभराचा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये ६२१ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि सर्वांत जलद गाडी सुमारे अडीच तासांत जाऊ लागली. छापील वेळांची तुलना केली तर रेल्वेला दुपटीहून अधिक वेळ लागतो, तरी काही वर्षांतच तिने विमानाला मागे टाकले. लोकांना गणित येत नव्हते असे नाही. त्यांनी बरोबर आकडा मनातल्या मनात काढला होता, जो वेळापत्रकात छापलेला नव्हता.

फ्रान्सने ऑगस्ट २०२१ च्या हवामानविषयक कायद्याने, जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते तिथली देशांतर्गत उड्डाणे बंद करण्याची तरतूद केली. मे २०२३ मध्ये तिचा हुकूमनामा निघाला आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नाँत, लियाँ आणि बोर्दो येथे जाणाऱ्या सेवा तिच्या कक्षेत आल्या. त्याआधी नागरिकांच्या परिषदेने चार तासांची मर्यादा सुचवली होती. अडीच की चार, हा वाद बराच रंगला. पण दोन्ही आकडे रेल्वेच्या वेळेबद्दल होते आणि विमानाला खरोखर किती वेळ लागतो हे त्या कसोटीत कुठेच नव्हते. बांधील वेळ मोजून जाहीर करण्याची पद्धत असती तर कसोटी सरळ झाली असती: दोन साधनांचा बांधील वेळ सारखा असेल तिथे विमानाला कोणता सार्वजनिक फायदा उरतो ते कंपनीने दाखवावे. अशा कसोटीने कदाचित अडीच तासांहून कमी मर्यादा निघाली असती, कदाचित जास्त. मोजलेल्या आकड्यावर वाद घालणे केव्हाही बरे.

नियंत्रकांना ही सगळी वस्तुस्थिती माहीत नाही असे समजण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन मोजणीच्या पद्धतीत बृहत् वर्तुळाच्या अंतरात ५५० किलोमीटरपेक्षा छोट्या प्रवासासाठी ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १०० आणि त्याहून लांब प्रवासासाठी १२५ किलोमीटर मिळवले जातात. युरोपीय संघाच्या उत्सर्जन-व्यापाराच्या नियमांत सरसकट ९५ किलोमीटर मिळवण्याची पद्धत आहे. विमान कधीच सर्वांत जवळच्या रेषेवरून उडत नाही, ते वळते, घिरट्या घालते, रांगेत थांबते, याची ही अधिकृत कबुली आहे. धुराचा हिशेब करताना जी दुरुस्ती करावी असे वाटले, ती प्रवाशाच्या वेळेचा हिशेब करताना कोणाला सुचली नाही.

या मागणीला खर्चाचे कारण पुढे करता येणार नाही. विमान जागेवरून हलले, जमीन सोडली, जमिनीला टेकले आणि जागेवर थांबले, या चारही वेळा आधुनिक विमान स्वतःहून नोंदवते आणि कंपनीला कळवते. वैमानिकांचे कामाचे तास आणि इंजिनांची देखभाल या नोंदींवरच चालते. अमेरिकेत तर देशांतर्गत उड्डाणांच्या अशा नोंदी, धावपट्टीकडे सरपटण्यात गेलेल्या मिनिटांसकट, वाहतूक खात्याच्या सांख्यिकी विभागामार्फत सर्वांना खुल्या आहेत. पण त्या संशोधक उघडतात अशा प्रचंड तक्त्यांमध्ये आहेत. तिकीट घेणाऱ्यापुढे येतो तो वेळापत्रकातला एकच आकडा.

सुरुवात कुठून करावी हेही स्पष्ट आहे. पंधरा तासांच्या प्रवासात वीस मिनिटे इकडेतिकडे झाल्याने कोणाचा निर्णय बदलत नाही, आणि अशा मार्गांना दुसरा पर्यायही नसतो. म्हणून आठशे किलोमीटरच्या आतल्या मार्गांना हा नियम आधी लागू करावा, जिथे राखीव मिनिटांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे, जिथे विमानतळ शहरापासून किती दूर आहे याने सगळा हिशेब उलटतो, आणि जिथे रेल्वेवर पैसा घालायचा की नव्या धावपट्टीवर, हा प्रश्न सरकारपुढे आज उभा आहे.